बाळंतिणीच्या खोलीतला पंखा

माझं माहेर म्हसवडचं. तिकडं पावसाची वाट बघत जन्म जायचा, आणि मला दिलं मेढ्याच्या वर, धो धो पावसाच्या डोंगरात. पहिलं बाळंतपण माहेरी झालं. दुसऱ्या वेळी भातलावणीची घाई, मला पोचवायला कुणी रिकामं नव्हतं, म्हणून भर आषाढात सासरीच बाळंत झाले. मुलगी झाली.

बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. सासूबाईंनी खिडकीत पोती कोंबली, माजघराच्या दाराला चिंध्या लावल्या. आत शेगडी, शेगडीवर पालथं बांबूचं डालगं, डालग्यावर ओली दुपटी. दुपटी वाळायची हो, पण त्यातलं पाणी जाणार कुठं? भिंतीवरनं ओघळायचं. गोधडीला बुरशी धरली. आणि पोरीची छाती अशी घरघरायची की मी तिचा श्वास ऐकत नुसती पडून असायची.

धाकटे दीर पलटणीत मोटारी दुरुस्त करायचे, ते तेव्हा सुट्टीवर आलेले. उंबऱ्यातनंच म्हणाले, "वयनी, खोली हाय का न्हाणी? भित्ताडं निथळत्यात."

त्यांनी रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून पाती केली. वळचणीखाली भिंतीला भोक पाडून पंखा बसवला, आणि मोडक्या सायकलची चेन लावून पायडल माझ्या बाजेशी आणलं. हातानं फिरवायचं, की आतली दमट हवा बाहेर.

"खोलीत इमान उडवतोस व्हय रं?" सासूबाई म्हणाल्या.

पंखा फिरला आणि खोली धुरानं भरली! स्वयंपाकघराच्या भिंतीला आढ्यापाशी फट होती, तिथनं चुलीचा सगळा धूर आत. पोर खोकून लालबुंद झाली.

"मुडद्या, ओल काढाय केलंस का धूर आणाय?"

"आये, आतली हवा भाईर गेली की दुसरी कुठनं तरी येणारच. तू समदं बुजवलंस, मग ती चुलीवरनं आली. ती फट लिंपू, आन् माजघराचं दार जरा उघडं ठेव."

"आन् बाळंतिणीला वारं लागलं तर?"

"आन् पोरीची छाती भरली तर?"

सासूबाई पोरीशेजारी बसल्या. पोरीच्या छातीला कान लावला, बराच वेळ. मग उठल्या आणि दाराच्या चिंध्या स्वतःच उपसल्या. शेगडी, डालगं, दुपटी सगळं माजघरात नेलं. मला मात्र कानाला फडकं घट्ट बांधलं.

दिरांनी फट लिंपली, आणि हळूहळू भिंती सुकल्या. दीर पलटणीत परत गेले. पायडल राहिलं माझ्याकडं. घरचे सगळे चिखलात, फिरवणार कोण? एका हातानं पोरीला पाजायचं, दुसऱ्यानं फिरवायचं. जरा थांबलं की भिंतीला हात लावून बघायचं, पुन्हा ओल आली का. अंग नुसतं मोडून यायचं बघा. आता नातसुनेच्या मोरीत बटण दाबलं की पंखा भुर्र करतो, तरी माझा खांदा आपोआप दुखायला लागतो.

एका संध्याकाळी सासूबाई शेतातनं आल्या, गुडघ्यापर्यंत चिखल. पाय धुतले, अंग पुसलं, पोरीच्या छातीला कान लावला. घरघर नव्हती. माझ्या हातातलं पायडल काढून घेतलं.

"नीज तू," म्हणाल्या. "मी फिरवते."

कड बदलायचंही भान राहिलं नाही मला.