पंखाच्या टोकाचा प्रश्न

वडिलांनी कुणाचं कौतुक केलं की मला त्या माणसाची दया येते. ते का, हे कळायला त्यांच्या कामाबद्दल थोडं सांगावं लागेल.

पन्नासच्या दशकात ते पुण्याहून गणित शिकून बोटीने इंग्लंडला आले आणि एका सरकारी संशोधन संस्थेत लागले. विमानाच्या पंखावरून हवा कशी वाहते, याचं गणित मांडणं हे काम. त्यांनी विमान कधी बांधलं नाही. हवेचा झोत सोडून नमुने तपासायचा जो बोगदा होता, तिकडेही ते फारसे फिरकले नाहीत. कागद, पेन्सिल आणि फळा. समीकरणं पूर्ण सुटायची नाहीत, म्हणून त्यातलं लहान काय ते ओळखून टाकून द्यायचं आणि उरलेलं सोडवायचं. काय टाकलं, आणि ते कशाच्या मानाने लहान होतं, हे ज्याला सांगता येत नसे तो त्यांच्या लेखी संपला.

त्या गटाची एक रीत होती. शुक्रवारी चहानंतर कुणीतरी आपलं काम फळ्यावर मांडायचं. काम दमदार असेल तर मध्येच कुणीतरी अडवायचा, ‘आणि वेग वाढवला तर?’ ‘आणि पंख जाड असेल तर?’ प्रश्न आला म्हणजे काम टिकलं. काम फुसकं असेल तर कुणीच अडवत नसे. शेवटी प्रमुख उठून चार गोड शब्द बोलत, आभार मानत, आणि सगळे आपापल्या खोल्यांत जात. मग मांडणाऱ्याने आपल्याच हाताने फळा पुसायचा. अशा कौतुकानंतर कोण कोण संस्था सोडून गेलं ते वडील जेवताना हसत हसत सांगायचे.

ही रीत त्यांनी घरीही आणली. शाळेत असताना मी पुठ्ठ्याचा एक पूल केला होता. वडिलांनी तो हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिला आणि म्हणाले, “वा, फार सुरेख.” आईला आनंद झाला. मी पूल शेडमध्ये नेऊन पायाखाली तुडवला. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीने ए-लेव्हलचं, म्हणजे इथल्या बारावीचं, गणित त्यांना दाखवलं. “ब्युटिफुल,” ते म्हणाले. ती उड्या मारत मैत्रिणीला फोन करायला गेली. मी तिला काही सांगितलं नाही.

वडिलांबरोबर त्याच बोटीने आलेले एक मित्र होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. तीच संस्था, तीच भाड्याची खोली, एकच ओव्हरकोट आळीपाळीने. काकांनी पंखाच्या नाकाचा प्रश्न घेतला होता. पंख पातळ धरला की गणित सोपं होतं, पण पंखाच्या पुढच्या कडेला तेच गणित हवेचा वेग अनंत सांगतं, आणि ते तर शक्य नाही. काकांनी नाकाजवळचा चिमूटभर भाग वेगळा सोडवला आणि उरलेल्या पंखाच्या उत्तराशी जोडला. त्या सांध्याबद्दल त्यांना कुणीतरी अडवेल असं वाटत होतं. त्या शुक्रवारी कुणी अडवलं नाही. खोलीत वडीलही होते. गोड शब्द झाले, काकांनी फळा पुसला, आणि पुढच्या टर्मपासून ते एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला लागले. आयुष्यभर तिथेच राहिले.

मैत्री मात्र टिकली. मेडनहेडला आमच्या घरी काका आले की वडील दारातच म्हणायचे, “या मास्तर, आज किती पोरं नापास केलीत?”

“तू किती विमानं पाडलीस ते सांग, सरकारी जावई.”

मागच्या वसंतात बेसिंगस्टोकहून काकूंचा फोन आला. काका नव्वदी ओलांडलेले, हॉस्पिटलने घरी पाठवलेलं, आता फक्त दुखू नये एवढंच बघायचं. “पण त्यांना तुझ्या वडिलांना काहीतरी दाखवायचंय,” काकू म्हणाल्या. “त्यांनी ते जुनं नाकाचं गणित पुन्हा केलंय. म्हणतात, त्याने ऐकल्याशिवाय मी जाणार नाही. तू घेऊन येशील ना त्यांना?”

मी घेऊन गेलो. बैठकीच्या खोलीत सोफ्याच्या जागी हॉस्पिटलचा पलंग होता. समोरच्या भिंतीला काकूंनी एक व्हाइटबोर्ड लावून घेतला होता. काकांचा हात थरथरत होता, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी पेन्शन फंडांची आकडेमोड करतो. चिन्हं बिनचूक उतरवणं एवढं मला नक्की जमतं.

सुरुवात करण्याआधी काकूंनी वडिलांना पॅसेजमध्ये गाठलं. मी पाण्याचा ग्लास आणायला निघालो होतो, तो तिथेच थांबलो.

“भाऊजी, एकदा छान म्हणा हो. तुमचं काय जातंय?”

“वहिनी, ऐकू तर द्या.”

“ऐका. पण चूक असली तरी काढू नका. मी हात जोडते.” त्यांनी खरंच हात जोडले.

वडिलांनी त्यांच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. “बरं,” ते म्हणाले.

मला तिथेच बोलायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. मी काय बोलणार होतो? काकू, त्यांना छान म्हणायला सांगू नका, असं? काकूंना ती रीत माहीत नव्हती. काकांनी त्यांना कधी सांगितलीच नव्हती. ते पॉलिटेक्निकमध्ये गेले ते पगार बरा म्हणून, असं त्या समजून होत्या.

काका सांगत गेले, मी लिहीत गेलो. आवाज बारीक होता पण कुठे अडखळला नाही. ओळ चुकली की चमच्याने पलंगाची दांडी वाजवायचे. “अरे, वर्ग राहिला तिथे. पेन्शनवाल्यांना वर्ग माहीत नसतात का?” मी दुरुस्त करायचो. वडील रेडिएटरला पाठ लावून खुर्चीत बसले होते, हनुवटी काठीवर टेकवून.

सांध्याची ओळ आली. काका थांबले. मला वाटलं धाप लागली. मग दिसलं की ते वडिलांकडे पाहतायत. मी हातात मार्कर धरून उभा. बाहेर कुणाच्या तरी बागेत गवत कापायचं मशीन चालू होतं. ते बंद झालं, पुन्हा सुरू झालं.

वडील काही बोलले नाहीत.

“पुढे लिही,” काका मला म्हणाले. उरलेल्या ओळी त्यांनी भराभर संपवल्या.

वडील उठले, पलंगाजवळ गेले आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला. “सुंदर झालंय,” ते म्हणाले. “इतक्या वर्षांनी इतकी स्वच्छ मांडणी! मनापासून आभार.”

काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. “ऐकलंत ना? ऐकलंत ना हो, काय म्हणाले ते?”

“ऐकलं,” काका म्हणाले. त्यांनी वडिलांचा हात खांद्यावरून काढला, हळूच, चष्मा काढावा तसा. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पूस रे.”

“अहो, राहू द्या ना! संध्याकाळी आपली मुलगी येईल, तिला दाखवू,” काकू म्हणाल्या.

“पूस.”

मी पुसलं. कोरड्या फडक्याने नीट जात नव्हतं, हिरवट डाग राहिले. काका भिंतीकडे तोंड करून झोपले. काकूंनी आम्हाला शिरा खायला लावला. वडिलांनी दोनदा घेतला.

परत निघालो. बेसिंगस्टोकमधून बाहेर पडायचं तर एकामागून एक गोल चौक लागतात. दुसऱ्या चौकाशी वडील एकदम म्हणाले, “सांधा बरोबर आहे त्याचा.”

“काय?”

“बरोबर आहे. तेव्हा कच्चा होता. आता पक्का आहे. फक्त पंखाच्या टोकाशी काय होतं ते बघायला हवं. टोकाला हवा कडेवरून खालून वर वळते. तिथे हा सांधा टिकतो का? चांगला प्रश्न आहे.”

“मग विचारला का नाही?”

“वहिनींनी छान म्हणायला सांगितलं. म्हटलं.”

मी चौकातून बाहेर पडलोच नाही, पूर्ण फेरी मारली. मागच्याने हॉर्न वाजवला. “बाबा, परत जाऊ या. पाच मिनिटं लागतील. फक्त तेवढं विचारा.”

“कशाला?”

“ते त्यासाठीच थांबलेत.”

“माणूस सोडून गेला,” वडील म्हणाले. “एका शुक्रवारी कुणी बोललं नाही तर पळून गेला. मी राहिलो. मलाही अडवलं नव्हतं कुणी, तीनदा. मी राहिलो. आता त्याला आयता प्रश्न नेऊन देऊ? डावीकडे घे, घरी जायचंय.”

“मग फोनवर तरी विचारा.”

“फोनवर विचारत नाहीत. फळ्यासमोर विचारतात.”

मी डावीकडे घेतलं. स्वतः परत जाऊन तो प्रश्न काकांना सांगावा असं घरी पोचेपर्यंत मनात होतं. पण माझ्या तोंडून आलेला प्रश्न म्हणजे निरोप झाला असता, आणि काकांनी ते एका क्षणात ओळखलं असतं. त्याच आठवड्यात काका गेले. क्रेमेटोरियममध्ये काकू वडिलांचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, “तुमच्या शब्दाने शांत झाले हो. त्यानंतर फळ्याचं नावसुद्धा काढलं नाही.” वडील म्हणाले, “मोठा माणूस होता.” काकूंनी तो व्हाइटबोर्ड आठवण म्हणून वडिलांना देऊन टाकला. मी तो गाडीत आडवा घालून आणला.

पूर्ण उन्हाळा वडील टोकाच्या प्रश्नाला भिडले. जेवणाच्या टेबलावर कागद, न्याहारीच्या ताटाखाली कागद. औषधं राहून जात. माझी बायको म्हणायची, “जाऊ दे रे, मन रमलंय त्यांचं.” मधूनच ते “मास्तर असता तर...” असं म्हणायचे आणि वाक्य सोडून द्यायचे. ते ज्यांच्यासमोर फळ्यापाशी उभे राहायचे त्यांतलं आता कुणीच उरलं नव्हतं. नव्या लोकांच्या संगणकाला तसलं गणित लागत नाही. एका विद्यापीठाला त्यांनी विचारून पाहिलं. तिथून नम्र उत्तर आलं, फार सुंदर काम आहे म्हणून. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

सप्टेंबरातल्या एका रविवारी दुपारी त्यांनी मला बोलावलं. “बस. तुला आकडे कळतात. ओळीने बघ.”

बोर्ड आमच्या कन्झर्वेटरीत, मागच्या काचेच्या खोलीत होता. ते स्वतः लिहीत होते, एका हाताने खुर्चीची पाठ धरून. अक्षर अजून सुबक. मी खरोखर लक्ष देऊन पाहिलं, कारण काम मी तसंच करतो. बहुतेक ओळी मला लागल्या. नंतर एका ओळीत त्यांनी एक पद खोडलं आणि पुढे गेले. लहान म्हणून खोडलं, हे उघड होतं. पण कशाच्या मानाने लहान, ते त्यांनी लिहिलं नाही, आणि टोकाशी ते लहान राहील असं मला दिसेना.

ते थांबले. मार्कर बोर्डला टेकलेला. माझ्याकडे वळले.

प्रश्न माझ्या जिभेवर होता, आणि चांगला होता. आयुष्यात पहिल्यांदाच मला त्यांना अडवता आलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी याआधी एकदाच पाहिलं होतं, बेसिंगस्टोकच्या पलंगावर.

मी गप्प बसलो.

ते पुन्हा बोर्डकडे वळले. शेवटच्या दोन ओळी त्यांनी फार सावकाश लिहिल्या. मी उठलो आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“सुंदर झालंय, बाबा,” मी म्हणालो. “किती स्वच्छ मांडलंत.”

स्वयंपाकघरातून बायको डोकावली. “बघा, तुमचा लेक कौतुक करतोय आज!”

वडिलांनी मार्करला टोपण लावलं. एकदा लागलं नाही, दुसऱ्यांदा लागलं. फडकं बोर्डच्या खालच्या पट्टीवर होतं आणि त्यांना वाकता येत नव्हतं. मी ते उचलून त्यांच्या हातात दिलं, आणि ते पुसत असताना चहाचे कप घेऊन आत गेलो.