हिरव्या ड्रेसमधल्या मॅडम

समोरच्या मुलीच्या ओढणीचं टोक चिमटीत धरायचं, बोटांनी जरा चोळून बघायचं आणि विचारायचं, "हा ड्रेस कोणी घेऊन दिला गं?" मॅडमची ही सवय आमच्या छोट्या कॉलेजात सगळ्यांना पाठ होती.

"पप्पानं, मॅडम." "भावानं."

"आन् तुला कोणता पाहिजे होता?"

यावर मुली नुसत्या हसायच्या. मॅडम हसायच्या नाहीत.

मीही तिथेच शिकवते. त्या इंग्रजी शिकवायच्या, तासिका तत्त्वावर. म्हणजे दर वर्षी नवी नेमणूक, तीही संस्थेची मर्जी असेल तर. इटलीतल्या सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या गोष्टी त्यांच्या फार आवडीच्या. त्यात बाया पुरुषांचे कपडे घालून देशोदेशी फिरतात, नोकर मालकाचा अंगरखा चढवून मालक होतो आणि नवऱ्याला स्वतःची बायको ओळखू येत नाही. पोरं खिदळायची. "मॅडम, घरची बायको वळखू येत न्हाई व्हय?"

"तोंडाकडं बघितलं तर येती ना, बाळा."

एका गोष्टीत एक सरदार गरिबाची पोरगी पसंत करतो, गावादेखत तिचे जुने कपडे उतरवून तिला भरजरी नेसवतो आणि पुढे तेच उतरवून बापाकडे हाकलतो. ही गोष्ट सांगताना मॅडमचा आवाज वर्गाबाहेर ऐकू यायचा. एका मुलाने उत्तरात त्या बाईच्या सोशिकपणाचं कौतुक लिहिलं, तर त्यांनी त्याला उभं केलं. "तिनं सोसलं, ते लिहिलंस. त्यानं काय केलं, ते काहून न्हाई लिहिलं?"

आमच्या कॉलेजातल्या जवळा बाजारच्या एका मुलीचं लग्न दुसऱ्या वर्षाला असतानाच डोंगरकड्याकडे झालं. सासरा बडं प्रस्थ, संस्थेच्या लोकांत ऊठबस असलेला. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला ती माहेरी आली. शेवटचा पेपर सुटला आणि शिपाई धावत सांगत आला, गेटवर जीप लागली आहे, नवरा आणि सासरा उभे आहेत. पोरगी स्टाफरूममध्ये शिरली आणि मॅडमच्या हाताला धरून बसली. "मला न्हाई जायचं, मॅडम. लई मारतेत." बाही वर करून तिने दंड दाखवला. मी तो पाहिला आहे.

प्राचार्यांनी कानांवर हात ठेवले. "घरगुती मामला आहे. आपण मधे पडायचं नाही."

मॅडमनी पोरीला उठवलं. तिला घेऊन बायकांच्या खोलीत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा पन्नाशीच्या मॅडमच्या अंगात तिचा हिरवा चमकीचा ड्रेस होता, शिवणी ताणलेला, आणि ती मॅडमच्या सुती साडीत होती. उन्हाळ्यात आमच्याकडे कोणती बाई तोंड न बांधता बाहेर पडते? दोघींनी स्कार्फ गुंडाळले.

"तिला तुमच्या स्कूटीवर घ्या," मॅडम मला म्हणाल्या. "मी पुढं चालून राहिले. लोक माझ्याकडं पळाले की निघा."

तसंच झालं. नवऱ्याने धावत येऊन मॅडमचा दंड धरला. "चल गाडीत! आमी घेतलेला ड्रेस हाय, लांबून वळखला!" मी त्यांच्या शेजारून स्कूटी काढली.  मागून मॅडमचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"बराबर वळखलात. आता तोंड बी बघा."

स्कार्फ सुटला तेव्हा तो माणूस दंड सोडून दोन पावलं मागे सरला म्हणतात. वर्षभर एका घरात राहिलेली बायको, आणि त्या गाढवाला तिची चाल माहीत नाही, उंची माहीत नाही. दिलेला ड्रेस तेवढा माहीत!

पुढे चौकशी झाली, पण ती मॅडमची. शिक्षिकेने वेष का बदलला? कॉलेजची अब्रू का घालवली? पोरीच्या दंडावर काय होतं, हे एकानेही विचारलं नाही. मी ते सांगायला उठले तर "मॅडम, विषय तो नाही" म्हणून मला खाली बसवलं. मग विषय कोणता होता, तुम्हीच सांगा! जूनमध्ये मॅडमची नेमणूक आलीच नाही. आमच्याकडे शिपाई निवृत्त झाला तरी निरोप समारंभ होतो. त्यांना साधा चहासुद्धा कोणी दिला नाही.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणे म्हणून कोण यावं? तोच सासरा. सत्काराचं ताट घेऊन मंचावर यायला मला सांगितलं. माइकवरून त्याच्या स्त्रीशिक्षणाच्या कळकळीचं वर्णन सुरू झालं, तसं मी ताट मंचाच्या मधोमध खाली ठेवलं आणि पायऱ्या उतरले. शाल दुसऱ्या कोणीतरी घातली. टाळ्या बाहेरपर्यंत आल्या.

मी मॅडमना फोन लावला. त्या परभणीकडे कुठेतरी शिकवण्या घेत होत्या. सत्काराचं, शालीचं सगळं रागारागाने सांगितलं.

"ती पोरगी कुठं हाय आता?" त्यांनी विचारलं.

"नांदेडला. नोकरी करतेय."

"तिकडं परत गेली न्हाई ना?"

"नाही."

"मग घालू द्या त्याला शाल," मॅडम म्हणाल्या.

त्यांना ते म्हणता आलं. मला अजून नाही येत.