मागच्या सीटवर ब्रेक नसतो

आमच्या पुण्यात एके काळी सायकलवर डबलसीट दिसलं की पोलीस शिट्टी मारायचा. इंग्लंडात डबलसीटसाठी वेगळी सायकलच करतात. एकामागे एक दोन सीटा, दोन हँडल आणि पॅडलच्या दोन जोड्या. टँडम म्हणतात तिला. २००६ च्या जूनमध्ये, साठी उलटल्यावर, मी अशा सायकलच्या मागच्या सीटवर बसून तिथला तळ्यांचा मुलूख पाहिला. पुढच्या सीटवर माझा मुलगा. तो तेव्हा नॉटिंगहॅमला सॉफ्टवेअरच्या नोकरीत होता आणि मी उन्हाळ्यापुरती त्याच्याकडे गेले होते.

हौस त्याचीच. मी शाळेपासून थेट पोस्टातून रिटायर होईपर्यंत सायकल चालवलेली, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्न नव्हता. ट्रेनने पेनरिथला गेलो, सायकल भाड्याने घेतली आणि नकाशावरच्या सायकलमार्गाने निघालो. वाटेत पडका किल्ला, हजारो वर्षांपूर्वीचं उभ्या दगडांचं रिंगण, कुठे रोमन लोकांनी बांधलेला रस्ता. प्रत्येक दगडापाशी हा सायकल थांबवून पाटी मोठ्याने वाचणार. मला पाटीवरचं वाचता येत होतं, पण लेकाचा उत्साह कशाला मोडा?

टँडमच्या दोन गोष्टी मला पहिल्याच चढावर कळल्या. एक म्हणजे मागच्याला पुढच्याच्या पाठीपलीकडे फारसं काही दिसत नाही. दुसरी म्हणजे दोघांची पॅडल एकाच साखळीला जोडलेली असतात. पुढचा जोवर पाय मारतोय, तोवर आपले पाय फिरतातच. ब्रेकसुद्धा पुढच्याच्याच हातात. मी त्याला म्हटलं, "म्हणजे मी नुसतं सामान." तर म्हणाला, "सामान नाही आई, इंजिन!" तेव्हा फार हसलो आम्ही.

आता फुलांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. माझा एक डबीतला बाळकृष्ण आहे, रांगता, पितळेचा. जाईन तिथे बरोबर असतो आणि रोज त्याला ताजं फूल लागतं. पुण्यात आम्ही पहाटे पिशवी आणि आकडी घेऊन निघतो. कुंपणाबाहेर आलेली फांदी जगाची, असा आमच्या कॉलनीचा कायदा. शेजारचे काका माझी तगर न्यायचे, मी त्यांची जास्वंद आणायचे, आणि दोघंही एकमेकांना फूलचोर म्हणायचो. नॉटिंगहॅमला गेल्या गेल्या मी त्याच कायद्याने शेजारणीच्या निळ्या फुलांचा एक गेंद आणला. मुलगा केवढा संतापला! "आई, प्लीज! इथे असं चालत नाही. नेबरने पाहिलं असेल तर काय वाटेल तिला?" संध्याकाळी चॉकलेटचा खोका घेऊन तो तिच्याकडे माफी मागायला गेला. मी चप्पल घालायला लागले तर म्हणाला, "तू नको येऊस." तेवढे तीन शब्द मला फार लागले. मी वचन दिलं की यापुढे कुणाच्या बागेतल्या फुलाला हात लावणार नाही.

आणि वचन मी पाळलंही होतं, अशी माझी समजूत होती. अल्सवॉटर तळ्याच्या वरच्या एका गावात आम्ही मुक्कामाला उतरलो होतो. मी सवयीने लवकर उठले. बाहेर लख्ख उजेड आणि चिटपाखरू नाही. मुक्कामाच्या घराशेजारी जुनं, बुटकं, दगडी चर्च होतं. आवारात थडग्यांचे दगड होते, त्या बाजूला मी गेलेच नाही. दुसऱ्या अंगाला भिंतीलगत नुसतं गवत आणि गुलाबाची चार-पाच झाडं. त्यातल्या एका लहानशा झाडाला तीन पांढरी फुलं आणि एक कळी होती. देवळाच्या आवारातलं फूल देवाला वाहायचं, यात विचारायचं कुणाला? देव त्यांचा असला म्हणून काय झालं! तिन्ही फुलं घेतली. कळी मी कधीच तोडत नाही.

खोलीत येऊन पूजा केली. मुलाने फुलं पाहून भुवया उंचावल्या. मी म्हटलं, "कुणाच्या बागेतली नाहीत, घाबरू नकोस." त्याने खिडकीतल्या बाळकृष्णाचा फोटोही काढला. मग देव आणि फुलं मी स्टीलच्या डब्यात ठेवली, डबा माझ्या हँडलवरच्या पिशवीत टाकला आणि नाश्ता करून आम्ही निघालो.

निघालो ते आधी चर्च बघायला, कारण ते त्याच्या यादीत होतं. भिंतीपाशी एक म्हातारा गवतावर रबराची चटई टाकून गुडघ्यांवर बसला होता. आमच्याकडे पाहून त्याने मान हलवली आणि ते झाड दाखवत बोलू लागला. त्याचे उच्चार जड होते, तरी मला शब्द कळत होते. माझी बायको, म्हणाला. तिची राख. गेल्या वर्षी इथे पुरून वर हे झाड लावलं. यंदा पहिल्यांदा फुललं, आणि कुणीतरी फुलं नेली. पोरं असतील. त्याने हाताने गवत बाजूला केलं तर खाली वहीएवढी पाटी होती, तिच्यावर नाव. प्रत्येक झाडाखाली तशी पाटी होती. सकाळी माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. आणि असता तरी राख कुणी बागेत ठेवतं हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं. आमच्या ह्यांच्या अस्थी आम्ही नदीत सोडल्या आणि हात जोडून घरी आलो.

राखेवरची फुलं मी देवाला वाहिली होती, याचा धसका पहिला. पण तो क्षणभरच. त्या माणसाच्या मातीने भरलेल्या हाताकडे पाहिलं आणि शरमेने कुठे बघू कळेना. मुलाने माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्याला सगळं समजलं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, "हरणं असतील. त्यांना गुलाब फार आवडतात, नाही?"

म्हातारा कळीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "असेल बाबा. चूक माझीच, जाळी लावायला हवी होती." आणि चटई गुंडाळून जाळी आणायला समोरच्या घराकडे निघाला. एक गुडघा धड वाकत नव्हता त्याचा.

"चल आई, बस," मुलगा म्हणाला. मी बसले. सायकल गावाबाहेर पडली, एका बाजूला तळं चमकत होतं, आणि माझे पाय गरगर फिरत होते.

"थांब," मी म्हटलं.

"आई, जाऊ दे ना. त्याला सांगून काय फायदा? उगाच सीन होईल. त्याला अजून वाईट वाटेल."

"तू खोटं बोललास."

"तुझ्यासाठीच ना?"

त्याची पाठ माझ्याशी बोलत होती. चेहरा दिसला असता तर कदाचित मी ऐकलंही असतं. पुढे चढ लागला. मी ब्रेक लावू शकत नव्हते, उतरू शकत नव्हते. मग मी पॅडलवर उलटा जोर दिला, होता नव्हता तेवढा. सायकल डगमगली, तो ओरडला, "आई, काय करतेस! पडू आपण!" आणि टँडम रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मी उतरले आणि डबा घेऊन उलट दिशेने चालू लागले. मागून त्याने सायकल वळवल्याचा आवाज आला. तो सायकल ढकलत माझ्या शेजारून चालू लागला.

म्हातारा हिरवी जाळी आणि चार काठ्या घेऊन पुन्हा झाडापाशी बसला होता. मी डबा उघडून त्याच्यासमोर धरला. पोस्टाच्या काउंटरवर वर्षानुवर्षं वापरलेलं माझं इंग्रजी त्या वेळी कुठे पळालं कोण जाणे. एवढंच म्हणाले, "मी घेतली. माझ्या देवासाठी. मला माहीत नव्हतं. सॉरी."

त्याने फुलांकडे पाहिलं, रांगत्या बाळाकडे पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. माझी तयारीच होती. त्याने एक फूल उचललं, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि बाकीची दोन तशीच राहू दिली. मग माझ्या डोक्यावरून त्याने माझ्या मुलाकडे पाहिलं.

"कळी शिल्लक राहिली तेव्हाच मला नवल वाटलं होतं," तो म्हणाला. "हरणं कळ्या आधी खातात."

मुलाने सायकल भिंतीला टेकवली.

"जाळी आणलीच आहे, तर लावून टाकू," म्हातारा म्हणाला. "हे टोक धर जरा."

मुलगा त्याच्या शेजारी गवतावर गुडघे टेकून बसला आणि आपणच आणलेल्या हरणांसाठी जाळी बांधू लागला. म्हातारा सांगेल तिथे काठी रोवत होता, सांगेल तिथे गाठ मारत होता. मी मागे डबा धरून उभी. पुन्हा मला त्याची पाठच दिसत होती, आणि लालभडक झालेले दोन्ही कान. लहानपणी चोरी पकडली गेली की त्याचे कान असेच व्हायचे, आणि मी आधी रागवायचे, मग जवळ घ्यायचे. त्या दिवशी मला दोन्ही जमलं नाही. तो माझ्यासाठी खोटं बोलला नव्हता. त्याला माझी लाज वाटली होती. आणि आता ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.