पिन कोणती?

गोंदिया जिल्ह्यात कोणाचाही मोबाईल चार्जरवाचून बंद पडू नये, ही जबाबदारी कोणीही न सांगता आमच्या मावसाजींनी आपल्या डोक्यावर घेतली होती. मावसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, कुडव्याचे, पेशाने भूगोलाचे मास्तर. त्यांच्या घरी पाहुणा आला की आधी जयभीम व्हायचं, मग पाण्याचा गिलास यायचा, आणि पाहुण्याने गिलास खाली ठेवायच्या आत ते विचारायचे, “पिन कोनती?” तब्येत, लेकरंबाळं, पाऊसपाणी हे सगळं त्यानंतर. बैठकीत भिंतीवर लाकडी पाटी, पाटीवर बटणं, आणि खाली चार्जरांच्या शेपट्या लोंबत असायच्या. मोटी पिन, पतली पिन, चपटी पिन. बाजारात नवी पिन आली की त्यांना तो स्वतःचा अपमान वाटे. “बैल बदलला म्हून कोनी दावं बदलते का?” असं कुरकुरत ते दुसऱ्याच दिवशी नवा चार्जर आणून टांगायचे, पण जुना मात्र काढायचे नाहीत. मावशी म्हणे, “माझ्या लुगड्याले खुंटी नाई या घरात, अन् याच्या वायरीले चार.”

या वेडाचं मूळ बोदलकस्याला आहे. मोबाईल नवेनवे आले होते तेव्हा मावसाजी एका रविवारी तिथल्या तलावावर ओळखीच्या ढिवराकडे मासे आणायला गेले आणि गप्पांत रमले. इकडे त्यांचा फोन बंद. तलाव, एकटा माणूस आणि लागत नसलेला फोन, एवढं मावशीला पुरे झालं. तिने जो हंबरडा फोडला तो ऐकून अर्धं कुडवा दारात जमलं. दिवस मावळता मावळता मावसाजी पिशवीत मासे घेऊन उगवले, गर्दी बघून त्यांचा चेहरा पडला आणि त्यांनी हळूच विचारलं, “कोन गेलं?” मावशीने त्यानंतर आठवडाभर मासे शिजवले नाहीत. पण बाईमाणसाचं रडणं त्यांच्या मनाला लागलं. त्या दिवसापासून मावसाजी जिथे म्हणून जात, तिथे एक चार्जर ठेवून येत. बोदलकस्याला त्या ढिवराच्या घरी, तिरोड्याला व्याह्यांकडे, सालेकस्याला स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर. सोबत एक खिळाही असायचा. टांगायला जागा नाही असं कोणाला म्हणता येऊ नये.

त्यांची सगळ्यात जास्त थट्टा करायचे माझे बाबा. साडभाऊच ते, सोडतील कसे? मावसबहिणीच्या लग्नात मावसाजींनी मंडपात पाटी लावली, आणि वायरी ठेवल्या जेमतेम वीतभर. “वायर लांब ठेवली का लोक लाथाडून जाते,” हे त्यांचं शास्त्र. झालं काय, की अर्धी वरात फोन लावून त्या पाटीपाशीच खिळली. लग्नाची वेळ झाली तरी नवरदेवाचे वडील उठेनात. फोन सोडून जायला जीव होत नव्हता, आणि फोन घेऊन जावं तर तो भरला नव्हता. बाबा मोठ्याने म्हणाले, “साडभाऊनं व्याही शेळीवानी बांधून ठेवला हो.” सगळा मंडप हसला. मावसाजी हसले नाहीत. ते दुसऱ्या वऱ्हाड्याची पिन बघत होते.

मग माझी आई गेली आणि बाबा गोंदियाला माझ्याकडे राहायला आले. हळूहळू त्यांना विसर पडू लागला. फोन मात्र जुनाच, बटणांचा, पतल्या पिनेचा. दुसरा घेऊ देत नसत. एका दुपारी मी शाळेत शिकवून घरी आले तर बाबा नाहीत. फोन लावला. ते आनंदात म्हणाले, “बाई, सालेकस्याले उतरलो. कामावर जाऊन राहिलो.” तरुणपणी ते तिकडच्या जंगलात तेंदूपत्त्याच्या कामावर होते, त्याला तीस-चाळीस वर्षं झाली असतील. मी “बाबा, थांबा” म्हणेपर्यंत फोन टूं टूं करून बंद पडला. स्टेशन सोडलं की तिकडे सगळं रान, आणि दिवस कललेला. मी मावसाजींना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, “पिन कोनती?”

माझं डोकंच फिरलं. “मावसाजी, बाबा हरवलेत आणि तुम्ही पिन काय विचारता?”

“काऊन चिडून राहिली? पतली ना? मंग भेटला समज.”

त्यांनी सालेकस्याच्या त्या टपरीवाल्याला फोन केला. त्याला बाबा जंगलाच्या रस्त्याला लागलेले दिसले. पण बाबा अनोळखी माणसाचं ऐकेनात. टपरीवाल्याने आपल्या फोनवरून मला लावून दिलं, तर तो फोन ते हातात धरेनात. म्हणाले, “तुया फोनात माही पोरगी कशी राहीन?” तेव्हा त्याने बाबांनाच म्हटलं, “तुमचाच फोन चालू करून देतो, चला.” हे मात्र त्यांना पटलं. खिळ्यावरचा चार्जर निघाला, पतली पिन बसली, आणि थोड्या वेळाने मी लावलेला फोन बाबांच्या हातात वाजला. “जयभीम बाई. कुठं हायेस?” मी रडत रडतच सांगितलं, तिथंच बसा, मी येऊन राहिले.

मी आणि मावसाजी गाडी करून पोहोचलो तेव्हा बाबा टपरीच्या बाकावर बसले होते. फोन कानाशी, आणि वायर वीतभर, म्हणून मान भिंतीकडे वाकडी. लेकीचा आवाज पुन्हा जाऊ नये म्हणून त्यांनी पिन काढू दिली नव्हती. मावसाजींना बघून म्हणाले, “साडभाऊ, तुमी कायले आले?”

“चार्जर पाहाले आलो,” मावसाजी म्हणाले, आणि डोळे पुसायला पाठमोरे झाले.

त्यानंतर बाबा मला आणखी दोन उन्हाळे लाभले. ते मावसाजींनी दिले, असं मी सरळच म्हणते.

आता मावसाजी थकलेत. नव्या गोल तोंडाच्या पिनेचा चार्जरही त्यांनी कुरकुरत टांगला आहे, पण पाटीवर पहिली जागा अजून पतल्या पिनेचीच. त्या पिनेचा फोन आता कोणाकडे नाही. मी गेले की जयभीम होतं, पाणी येतं, आणि ते विचारतात, “पिन कोनती?” माझा फोन घरूनच पूर्ण भरून आलेला असतो. मी पिन सांगते, फोन लावते, आणि वीतभर वायरीपाशी खुर्ची ओढून बसते.