पवळ्याचा शनिवार

नथानियलकाकांनी बैल विकला तेव्हा मी शेजारी उभा होतो. साक्षीदार म्हणून. त्र्याण्णवचा ऑक्टोबर.

पेणजवळ जोह्यात गणपतीच्या कारखान्यांमागे काकांचा लाकडी तेलघाणा होता. गावातलं शेवटचं बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घर त्यांचं. मी बी. ए. होऊन घरी बसलो होतो. दुपारी घाण्यावर जाऊन वाचायचो. काका मला नावाने हाक मारत नसत. "काय बी. ए., संपलं का पुस्तक?" त्यांचा बैल पवळ्या डोळ्यांवर झापड बांधून गोल फिरत असायचा. माझ्या पुस्तकांना तिळाच्या तेलाचा वास अजून येतो.

शनिवारी घाणा बंद. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत काका पवळ्याची झापड काढून खुंटीला टांगत. दुसऱ्या दिवशी ते घरात प्रार्थना करत आणि पवळ्या चिंचेखाली बसून राही.

"विसाव्याची आज्ञा एकट्या माणसाला नाय," ते म्हणत. "बैलालाही हाय."

काकांच्या पत्नी रूथकाकू रोह्याच्या. तिथेच त्यांना पुरलं. मुलगी दीना इस्राएलहून बोलावत होती. पंधरा वर्षं नकार देऊन काका शेवटी तयार झाले. घाणा लाकडाच्या भावाने गेला. पवळ्या राहिला.

गागोद्याचा शेतकरी पोपट त्याला घेणार होता. "खळ्यात मळणीला गोल फिरणाराच बैल हवा," तो म्हणाला.

पेणला कचेरीबाहेर काळुराम लोकांना कागद लिहून देतो. त्याने विक्रीच्या पावतीवर पवळ्याचा रंग, शिंगं, वय लिहिलं. काका म्हणाले, "पुढे लिही. शनिवारी जुंपायचा नाय."

"ही अट कुणाच्या बाजूने लिहू?"

"त्याच्या."

काळुराम हसला. "बैल अंगठा लावणार काय? काका, कायद्याला बैल म्हणजे वस्तू. ही माझी खुर्ची हाय ना, तशी. खुर्चीला सुट्टी असते काय?"

"मग देवाच्या नावावर जमीन कशी असते?" मी विचारलं.

"देवाला कायदा माणूस धरतो, बी. ए. सातबाऱ्यावर नाव लागतं. बैलाचं लागत नाय."

"मी कुठे जमीन मागतोय," काका म्हणाले. "एक दिवस मागतोय."

पोपट मध्ये पडला. "आमच्यात सोमवारी बैल जुंपत नाय. सोमवार मिळेल त्याला."

"त्याला शनिवार ठाऊक हाय."

"दोन्ही द्या," पोपटची बायको सरू म्हणाली. "केंद्र सरकारचा साहेब होऊ दे. पाच दिवसांचा आठवडा."

सगळे हसले. काका हसले नाहीत.

मी तोड काढली. शनिवारची मालकी काकांनी स्वतःकडे ठेवावी. काळुरामने मान डोलावली. काका माझ्याकडे वळले.

"शनिवार माझा कधी होता, बी. ए.? माझा नाय तो ठेवू कसा? विकू कसा?"

 

काकांनी पेन मागून घेतलं. पावतीच्या तळाला स्वतःच्या हाताने लिहिलं, सहा दिवस विकले. खाली सही केली. काळुराम म्हणाला, याला कोर्टात काही अर्थ नाही. "नसू दे," काका म्हणाले. दावं त्यांनी पोपटच्या हातात दिलं. झापड मात्र पिशवीत घातली आणि घरी नेली.

काका गेले. नोव्हेंबरच्या शेवटी इस्राएलहून त्यांचं पत्र आलं. तीन ओळी. हवा कोरडी आहे. दीना बरी आहे. पवळ्या शनिवारी काय करतो ते जाऊन बघ आणि लिही, नुसतं विचारून नको.

मी शनिवारी गागोद्याला गेलो. आभाळ भरून आलं होतं. खळ्यात भाताचे भारे पडले होते. पोपट आणि सरू पेंढ्या फळीवर आपटून हाताने भात झोडत होते. पवळ्या खांबाजवळ बसून रवंथ करत होता.

"या, बघा," सरू म्हणाली. "बैल बसलाय नि बायको जुंपलीय."

पोपट थांबला. घाम पुसला. "तुला खोटं नाय सांगत. एवढे दिवस पाळलं. आज सकाळी आभाळ बघून जुंपला. दोन फेऱ्या मारल्या नि बसला. एक काठी मारली मी. उठला नाय. नुसता बघत राहिला माझ्याकडे."

"मग?"

"मग काय. सहाच घेतलेत ना मी."

त्याने पुढची पेंढी उचलली. मी चपला काढल्या आणि तिसरी फळी ओढून घेतली. पाऊस चारला आला. तोवर निम्मे भारे झाले होते.

रात्री मी काकांना सगळं लिहिलं. काठीही लिहिली. नसती लिहिली तरी चाललं असतं, पण त्यांनी बघून लिही म्हटलं होतं.

उत्तर यायला महिना लागला. त्यात पोपटला दोष नव्हता. मला शाबासकी नव्हती. एकच ओळ होती.

काठी कुठे लागली ते लिही.

मी पुन्हा गागोद्याला गेलो.