पट कमी असलेली शाळा

मित्रांनो, मुलांसाठी कोणती शाळा चांगली, असं तुम्ही मला विचारत असता. आधी आजचं वाचा.

जूनमध्ये माझ्या चुलत बहिणीनं, सुमननं, तिच्या गौरीसाठी हेच विचारलं होतं. मी सरकारी संकेतस्थळावरून दोन जिल्हा परिषद शाळांची माहिती शेजारीशेजारी मांडली. तिच्या वस्तीवरच्या शाळेत दोन शिक्षक, अकरा मुलं. मोठ्या गावातल्या, म्हणजे तलवाड्याच्या शाळेत एका शिक्षकामागे चाळीस. मी म्हणालो, "वस्तीवरचीच घे. इतकं लक्ष पैसे मोजूनही मिळत नाही."

आज तिनं बोलावून घेतलं. पट कमी म्हणून वस्तीवरची शाळा बंद होते आहे.

आम्ही शाळेत गेलो, तेव्हा तिथले गुरुजी कुलूप शोधत होते. म्हणाले, "साहेब, जो आकडा बघून तुमी पोरगी पाठवली, तोच बघून वरून पत्र आलं."

मी हसलो. सुमन हसली नाही.

"दादा, शेजारच्या पोरी तवाच जीप लावून मोठ्या शाळंत गेल्या. मलाबी इचारलतं. तुज्या भरवशावर न्हाई म्हनले. आता जीपमदी जागा न्हाई. सहा वर्साची पोर चार किलोमीटर चालंल का? का घरी बसवू?"

मुलं अकराच का उरली, हे मी तेव्हा कुणालाच विचारलं नव्हतं.

घरी येऊन संकेतस्थळ उघडलं. तिथे ती शाळा अजून आहे, आणि अजूनही सरस आहे.

मला आता शाळा विचारू नका. सकाळी तलवाड्याच्या रस्त्यानं मुलं नेणारा कुणी जीपवाला ओळखीचा आहे का? एकच जागा हवी आहे.