न नेलेला कोट

पावतीशेठ हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी ठेवलं होतं, आणि प्रेमानं ठेवलेलं नव्हतं. त्यांच्या लाँड्रीत काउंटरच्या मागे एक पाटी होती: पावती नाही, कपडा नाही. समोर सख्खा मेहुणा उभा राहिला तरी शेठचं बोट आधी त्या पाटीकडे जायचं. मेहुणा एकदा खरंच उभा राहिला होता, आणि शेवटी रोजच्या चुरगळलेल्या पँटवर लग्नाला गेला.

याला कारणही तसंच घडलं होतं. धंद्यात नवे असताना एका गोडबोल्या माणसाला त्यांनी तोंडओळखीवर दुसऱ्याच कुणाची भारी शाल देऊन टाकली होती. ती भरून देता देता नाकीनऊ आले. तेव्हापासून शेठनी माणसाच्या तोंडाकडे बघणंच सोडलं. हात पुढे आला की त्यात कागद आहे का, एवढंच ते बघायचे.

मग मोठ्या हॉटेलचं काम मिळणार म्हणून त्यांनी कर्ज काढून मोठं मशीन आणलं. काम दुसऱ्यानं पळवलं आणि मशीन शेठच्या गळ्यात पडलं. हप्ते थकले, प्रकरण कोर्टात गेलं, दिवाळखोरी जाहीर झाली. मशीन गेलं, इस्त्रीची टेबलं गेली, राहतं घर गेलं. जप्तीला आलेल्या कारकुनानं फक्त एक रॅक सोडला, गिऱ्हाइकांनी कधीच न नेलेल्या कपड्यांचा. "हे तुमचे नाहीत, म्हणजे आमच्याही कामाचे नाहीत," तो म्हणाला. एवढ्या पडझडीत शेठकडे कपडे उरले ते असे, दुसऱ्यांचे.

आता ते दुसऱ्याच्या लाँड्रीत पगारावर इस्त्री करत होते. नवरा-बायको त्या मालकाच्या गोदामामागच्या खोलीत पथारी टाकून होते, आणि मालकाला ती खोली महिनाअखेर रिकामी हवी होती. मुलगी मावशीकडे होती. तिथं तिच्या वाट्याला स्वयंपाकघरामागची अंधारी खोली आली होती. शाळा सुटली की तिचा रोज फोन यायचा.

"बाबा, मिळालं का घर? मोठं नको मला. एक खिडकी असली ना, की बास."

"बघतोय गं," शेठ म्हणायचे, आणि फोन बायकोकडे द्यायचे.

बघत तर ते खरंच होते. पण एका घरमालकानं त्यांचं नाव मोबाइलवर शोधलं, दिवाळखोरी वाचली आणि समोरचा चहाचा कप उचलायलाही न सांगता उठून उभा राहिला. दुसऱ्यानं वर्षभराचं भाडं आगाऊ मागितलं. तिसऱ्याकडे दिवाळखोरीचा शब्द निघाल्याबरोबर त्याचा भाऊ कायमचा राहायला येणार असल्याचं ठरलं. जामीन आणा, पगाराचा दाखला आणा, बँकेचं पत्र आणा. जन्मभर लोकांकडे कागद मागितलेल्या माणसाकडे आता जो तो कागद मागत होता. शेठना याचा राग यायचा. जग किती कोडगं झालंय, असं ते बायकोला तावातावानं सांगायचे.

शेवटी दलालानं एक जागा काढली. घरमालकीण विधवा, खालच्या मजल्यावर एकटी राहणारी. वरच्या दोन खोल्या द्यायच्या होत्या.

"बाई मोबाइल-बिबाइल बघत नाहीत," दलाल म्हणाला. "माणूस बघतात. तेव्हा शेठ, जरा माणसासारखे या."

शेठची बायको लगेच खोलीच्या कोपऱ्यातल्या त्या रॅककडे गेली आणि तिनं राखाडी लोकरी कोट काढला. इतकी वर्षं झाली, तरी इस्त्रीची घडी जशीच्या तशी होती.

"गिऱ्हाइकाचा कपडा आपण अंगाला लावत नाही," शेठ म्हणाले.

"कुठलं गिऱ्हाईक घेऊन बसलात? यायचं असतं तर केव्हाच आलं असतं. तुमच्या शर्टाची कॉलर बघा. असे गेलात तर ती बाई दारातूनच वाटेला लावेल."

"आणि नियम?"

"नियम दुकानाचा होता. दुकान कुठंय?"

शेठनी बाह्यांत हात घातले. कोट अंगात असा बसला, जणू मापानंच शिवला होता. आरशात त्यांना पुन्हा शेठ दिसले, आणि खोटं कशाला बोला, बरं वाटलं.

बायकोला खाली फाटकाशी थांबवून ते आत गेले. बाईंनी आधी वरच्या खोल्या दाखवल्या. भिंतींना नवा रंग होता, ओट्यावर नळाला पाणी होतं, आणि पुढच्या खोलीला भली मोठी खिडकी होती. खिडकीखाली टेबल राहील का, हे शेठनी पावलं टाकून मोजून घेतलं. बाई ते बघत होत्या.

"मुलगी आहे?"

"आहे. सध्या मावशीकडे असते."

खाली येऊन दोघं समोरासमोर बसले. दलालानं बजावलं होतं की दिवाळखोरीचं आपण होऊन बोलायचं नाही. पण ती खिडकी बघितल्यावर शेठना लपवाछपवी जमेना. त्यांनी मशीन, कर्ज, कोर्ट, सगळं सांगून टाकलं. नंतर कळलं म्हणून पोरीला त्या खिडकीतून उठवायची वेळ यायला नको, एवढंच त्यांना वाटत होतं.

बाईंनी ऐकून घेतलं. "माझ्या वडिलांचंही दुकान बुडालं होतं," त्या म्हणाल्या. "आम्ही पाचही भावंडं पाच नातेवाइकांकडे वाढलो. मुलीला घेऊन या लवकर. भाड्याचं जमेल तसं बसवू."

एवढ्या महिन्यांत त्यांच्याशी कुणी असं बोललं नव्हतं. बाईंनी करारनामा पुढे सरकवला. सहीसाठी पेन काढायला शेठनी कोट उघडला, आणि अस्तरावर आतून हातानं शिवलेला चष्म्याचा छोटा खिसा बाहेर डोकावला. निळ्या ठिपक्यांच्या कापडाचा.

बाई त्या खिशाकडे बघत राहिल्या.

"हा कोट कुणाचा?"

"माझाच," शेठ म्हणाले. "जुना आहे."

दिवाळखोरी सांगताना न अडखळलेला माणूस एका कोटापायी खोटं बोलला.

"पावती आहे?" बाईंनी विचारलं.

आता शेठनी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. तरीही ओळख पटेना. तेच फार वाईट होतं.

"तुम्हाला कुठून आठवणार," बाई म्हणाल्या. "तुम्ही मान वर केलीच नव्हती. म्हणून तर मीही तोंड ओळखलं नाही. हे हॉस्पिटलात गेले आणि यांच्या पाकिटाबरोबर पावती हरवली. कोट तुमच्या मागे टांगलेला मला दिसत होता. म्हटलं, आतला खिसा बघा, मी शिवलाय. तुम्ही बोट पाटीकडे केलंत. पुन्हा आले, पुन्हा तेच. ते गेल्यावरही एकदा आले होते मी. त्यांच्या अंगावर घालून त्यांना न्यायचं होतं."

एक शाल चुकीच्या हातात गेली म्हणून त्यांनी किती जणांना असं परत पाठवलं असेल, याचा हिशेब आता लागणार नव्हता. त्यांनी उठून कोट काढला. हातांनी आपोआप त्याची घडी घातली, खांद्याला खांदा, बाह्या आत, जशी जन्मभर घातली होती तशीच.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "तेव्हाही आणि आत्ताही."

बाईंनी कोट मांडीवर घेतला आणि करारनामा हळूच मागे ओढला.

"तुमचं दिवाळं निघालं, त्याचं मला काही नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "पण रोज जिन्यात तुमचं तोंड बघणं मला जमायचं नाही. मुलीचं वाईट वाटतं."

हातातोंडाशी आलेला घास गेला होता, आणि या वेळी जगाला शिव्या घालायचीही सोय नव्हती.

शेठ नुसत्या शर्टावर बाहेर आले. बायको फाटकाशी वरच्या खिडकीकडे बघत उभी होती. तिनं मनातल्या मनात पडदेही लावून टाकले असावेत. शेठना बघून तिचा चेहरा उतरला.

"अहो, कोट?"

"गिऱ्हाईक आलं होतं," शेठ म्हणाले. "घेऊन गेलं."

ती बघतच राहिली. मग तिला समजलं, आणि ती फाटकाला टेकली. तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. शाळा सुटली होती. तिनं तो न उचलताच शेठच्या हातात दिला.

"बाबा, मिळालं ना? आज नक्की म्हणाला होतात. खिडकी आहे?"

शेठनी वर खिडकीकडे बघितलं. तिच्याखाली, तळमजल्याच्या व्हरांड्यात बाई दोरीवर कोट टाकत होत्या, बाह्या सरळ करत होत्या, खांद्यांवरून हात फिरवत होत्या.

"आहे गं," शेठ म्हणाले. "ऊनही छान येतं."

"मग कधी जायचं?"

नेहमीप्रमाणे फोन द्यायला त्यांनी बायकोकडे हात केला. तिनं तो घेतला नाही.